आकडा रुग्णाच्या हाती आला, पुढे काय?

नमस्कार मंडळी. विषय आरोग्य-व्यवसायाच्या भवितव्याचा आहे, पण सुरुवात मी रक्तदाब मोजायच्या पट्ट्यापासून करतो.

पूर्वी माणूस दवाखान्यात यायचा तो तक्रार घेऊन. चक्कर येते, धाप लागते. आता तो मोबाइल पुढे धरतो आणि महिनाभराचे आकडे दाखवतो. ‘डॉक्टर काय ते बघतील’ म्हणणारा आता ‘आधी मला कळू दे’ म्हणतो. मला हा बदल मनापासून चांगला वाटतो. 1970च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत घरच्या घरी करायची गर्भधारणेची चाचणी दुकानात मिळू लागली, तेव्हाही बायकांना हे झेपेल का अशी शंका घेतली गेली होती. त्यांना ते उत्तम झेपलं. अडचण वेगळीच आहे. आपण मोजायची साधनं भराभर विकली, पण मोजायचं कसं आणि आलेला आकडा वाचायचा कसा, हे सांगायचं काम कुणीच अंगावर घेतलं नाही.

पट्टाच बघा. त्याच्या आतल्या फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या सुमारे 80 टक्के हवी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. म्हणून आधी टेपने घेर मोजायचा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून बघायचा. हात खाली लोंबत असेल, तर हृदयाच्या पातळीखालच्या दर 10 सेंटिमीटरला आकडा 7-8 ने चढतो. मोजताना बोललात तरी चढतो, लघवी तुंबली असेल तरी चढतो. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून द्यायचा, उरलेल्या 24 नोंदींची सरासरी काढायची. ही सरासरी म्हणजे तुमचा घरचा रक्तदाब. अनेक मार्गदर्शक सूचनांत दवाखान्यातली मर्यादा 140/90 असते तिथे घरची 135/85 धरतात, हेही पुष्कळांना माहीत नसतं. एवढं सगळं यंत्राच्या ॲपला सहज करता येईल. प्रत्यक्षात बरीच ॲप एकेका नोंदीला लाल रंग देतात. माणूस घाबरतो, पुन्हा मोजतो, आणि घाबरल्यामुळे आकडा आणखी वर जातो.

दुसरी गोष्ट, संपूर्ण तपासणीची पॅकेजं. ग्राहकाला वाटतं, जितक्या जास्त चाचण्या तितकी खात्री. इथे थोडं गणित करावं लागेल. बहुतेक चाचण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा अशी आखलेली असते की 95 टक्के निरोगी माणसं तिच्यात बसावीत. म्हणजे पाच टक्के निरोगी माणसं बाहेर राहणारच. चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या, तर 20 चाचण्यांत निरोगी माणसाचा निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता 64 टक्के. 40 चाचण्यांत 87 टक्के. प्रत्यक्षात चाचण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात, म्हणून शक्यता थोडी कमी होते, पण रोख तोच. मग त्या एका आकड्यापायी सोनोग्राफी, पुन्हा रक्त, तज्ज्ञांची भेट. प्रयोगशाळांनी तपासणीच्या शुल्कातच अहवाल समजावून सांगण्याची वेळ धरावी, असं माझं ठाम मत आहे. ज्या हे करतील त्यांच्याकडेच ग्राहक टिकेल.

आता ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं ते. स्वतःची काळजी घेणारा ग्राहक पूरक गोळ्याही घेतो. केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, पुष्कळदा 5 ते 10 मिलिग्रॅम असतं. मोठ्या माणसाची रोजची गरज 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे हा डोस शेकडो पट झाला. प्रयोगशाळेतल्या कित्येक यंत्रांवरच्या चाचण्यांत मोजायचा पदार्थ पकडायला बायोटिनचाच रासायनिक बंध वापरतात. रक्तातलं जादा बायोटिन त्या बंधाची जागा अडवतं. मग टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक) खोटं कमी येतं, टी-4 (त्या ग्रंथीचं स्वतःचं संप्रेरक) खोटं जास्त येतं, आणि कागदावर हुबेहूब थायरॉइडचं काम प्रमाणाबाहेर वाढल्याचं चित्र उमटतं. नसलेल्या रोगावर औषध सुरू होऊ शकतं. हृदयविकाराच्या झटक्यासाठी तपासतात त्या ट्रोपोनिनच्या बाबतीत धोका उलटा, असलेला रोग झाकला जाण्याचा. ते खोटं कमी येऊ शकतं, आणि ते जिवावर बेततं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

थायरॉइडच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवलं की हा घोळ साधारणपणे टळतो. पण त्यासाठी नमुना घेणाऱ्याने नीट विचारायला हवं. ‘औषधं चालू आहेत का?’ या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असंच येतं, कारण घेणाऱ्याच्या लेखी ते औषध नसतंच. ‘केसांसाठी, नखांसाठी काही घेता का?’ असं विचारलं, की माणूस पिशवीतून डबी काढून दाखवतो.