दुधावरचे रंग का पळतात?

ताटलीचा तळ जेमतेम झाकेल एवढं दूध. त्यावर खाण्याच्या रंगाचे चार थेंब. पडले तिथेच बसलेत. आता कापसाच्या काडीचं टोक भांड्यांच्या साबणात बुडवायचं आणि दुधाच्या मधोमध टेकवायचं. नुसतं टेकवायचं, ढवळायचं नाही.

(निवेदन थांबवा. चित्र चालू.)

पळाले! खरं तर पळतंय ते दूध; रंगामुळे आपल्याला दिसतंय, इतकंच. पृष्ठभागावरचे रेणू एकमेकांना ओढून धरतात, ताणलेल्या पडद्यासारखे. हाच पृष्ठताण. साबण लागला की तिथली पकड सैल होते आणि भोवतालचं दूध कडेकडे खेचलं जातं. शिवाय साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं स्निग्धांशाला. दुधात दोन्ही आहेत, म्हणून ही घुसळण बराच वेळ चालते. साय काढलेल्या दुधात खेळ लवकर आटोपतो.

हे सगळं मोठ्यांसाठी. मुलांना आधी एवढंच विचारायचं, “काय होईल गं? काय होईल रे?” आणि गप्प बसायचं. हेच आपल्याला जमत नाही. चित्रातला हा चिमुकला हात पाहा. तिसऱ्या वेळी काडी कडेला टेकवली. कुणीही सुचवलं नव्हतं.

जर्मनीत आग्नेस पॉकेल्स यांनीही असंच पाण्याकडे पाहिलं होतं. तेव्हा मुलींना विद्यापीठाचं दार बंद. त्यांनी घरीच पत्र्याचं पसरट भांडं आणि पाण्यावर सरकणारी पट्टी घेऊन पृष्ठताण मोजला. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं, आणि 1891 मध्ये ते ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आलं. पदवी नाही, प्रयोगशाळा नाही.

आता हे अंडं. व्हिनेगरमध्ये बुडवल्याबरोबर अंगभर बुडबुडे. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, आम्लात ते विरघळतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक-दोन दिवसांनी उरतो तो हा मऊ, टपोरा गोळा. आत पाणी शिरल्यामुळे आधीपेक्षा मोठा. बॅटरीसमोर धरलं की आत बलक डोलताना दिसतो.

रंगीत दूध प्यायचं नाही, आणि कच्च्या अंड्यानंतर हात साबणाने धुवायचे. बस्स.

किती उंचावरून टाकलं तर फुटत नाही? बोटभर... उडालं! चार बोटं... अजून शाबूत. एक वीत...

(फच्च. पुढे फक्त मुलांचा आवाज.)