एमआरआय, कमरेच्या नसा आणि 'सिव्हिअर' हा शेरा

कमरेच्या एमआरआयचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक रुग्ण त्यात आधी 'सिव्हिअर' (गंभीर) हा शब्द शोधतात आणि तो सापडला की शस्त्रक्रिया ठरलीच, असे धरून चालतात. मणक्यांमधून नसा जातात ती नलिका अरुंद झाली असता हा शब्द कशाच्या आधारावर लिहिला जातो, हे आज पाहायचे आहे.

मज्जारज्जू सामान्यतः कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांच्या आसपासच संपतो. त्याखाली ड्यूरा या आवरणाच्या पिशवीत, मज्जाद्रवात तरंगणाऱ्या नसांचा झुपका असतो. वयपरत्वे समोरून दोन मणक्यांमधली गादी फुगते, मागून लिगामेंटम फ्लेव्हम हा मणक्यांना जोडणारा पट्टा जाड होतो, बाजूचे फॅसेट सांधे (मणक्यांमधले छोटे सांधे) वाढतात आणि पिशवीला तिन्ही बाजूंनी दाब येतो; हे सर्वांत जास्त कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या मध्ये आढळते.

पूर्वीपासून रूढ असलेली पद्धत म्हणजे आडव्या छेदात पिशवीचे क्षेत्रफळ मोजणे. ते १०० चौरस मिलिमीटरच्या खाली गेले की नलिका अरुंद आणि ७५च्या खाली गेले की फारच अरुंद, असा ढोबळ संकेत आहे. पण छेद गादीला समांतर घेतला नसेल तर हा आकडा फसवतो, शिवाय तेवढ्याच जागेत नसा कशा बसल्या आहेत हे त्यातून मुळीच कळत नाही. म्हणून २०१०मध्ये स्वित्झर्लंडमधील स्किझास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलेली वर्गवारी मला अधिक उपयोगाची वाटते. टी-टू या प्रकारच्या एमआरआय प्रतिमेत मज्जाद्रव पांढरा दिसतो. 'ए' श्रेणीत तो स्पष्ट दिसतो. 'बी' श्रेणीत नसा सारी पिशवी व्यापतात, तरी त्या वेगवेगळ्या ओळखता येतात आणि उरलेल्या द्रवामुळे चित्र दाणेदार भासते. 'सी' श्रेणीत नसाही वेगळ्या ओळखता येत नाहीत आणि द्रवही दिसत नाही, पिशवी एकजिनसी करडी होते, मात्र तिच्या मागची चरबी शिल्लक असते. 'डी' श्रेणीत तीही नाहीशी होते.

इतके काटेकोर पाहूनही चित्र आणि त्रास यांचा मेळ बसेलच असे नाही. १९९०मध्ये बोडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठदुखीची तक्रार कधीच नसलेल्या ६७ जणांचे एमआरआय तपासले, तेव्हा साठी ओलांडलेल्यांपैकी २१ टक्क्यांत नलिका अरुंद आढळली! उलट बाजूही आहे: एमआरआय बहुधा आडवे झोपवून काढतात, आणि नलिका तर उभे राहिल्यावर, कंबर मागे झुकल्यावर आणखी आवळते. चालताना पाय भरून येणारा, वाकून बसल्यावर मोकळा होणारा, पण सायकल मात्र आरामात चालवणारा रुग्ण म्हणूनच झोपल्या स्थितीतल्या चित्रात सौम्य भासू शकतो. अशा वेळी मी चालण्याचे अंतर विचारतो आणि पायांच्या नाड्या तपासतो, कारण रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पाय दुखतात.

लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे किंवा पायातील शक्ती झपाट्याने जाणे यांतले काहीही झाले, तर जुन्या रिपोर्टवर विसंबून राहू नये. तेव्हा तातडीने रुग्णालय गाठून नवा एमआरआय करून घ्यावा लागतो.