शिकायचं तर वेंडरच्या शेडमध्ये

नमस्कार श्रोतेहो. इंदूरच्या सांवेर रोडवर किंवा पीथमपूरला ज्यांचं लहान युनिट आहे, त्यांच्याकडे हल्ली मोठ्या गिऱ्हाईक कंपन्यांच्या प्रश्नावल्या येतात. वीज किती, डिझेल किती, भंगार किती? शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ पासून ऊर्जा, कचरा वगैरेंचा अहवाल सक्तीचा केला, म्हणून ही विचारणा. पण फॉर्म भरून कोणी शिकत नाही. अकाउंटंट अंदाजाने आकडे टाकतो आणि कागद फायलीत जातो. गिऱ्हाईक कंपनीचा मेंटेनन्स इंजिनिअर वेंडरच्या, म्हणजे माल पुरवणाऱ्या लहान युनिटच्या, शेडमध्ये येऊन उभा राहतो, तेव्हा वीज आणि भंगार वाचवण्याचं खरं काम सुरू होतं.

सुरुवात यंत्रांना दाबाची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरपासून करा. सुट्टीच्या दिवशी हवेवर चालणारं एकही यंत्र चालू नको, फक्त कॉम्प्रेसर. तो किती वेळ लोडवर (हवा भरत) आणि किती वेळ अनलोडवर (हवा न भरता) राहतो, हे घड्याळ लावून चार-पाच फेऱ्या लिहा. २ मिनिटं लोड आणि ६ मिनिटं अनलोड आलं, तर ८ पैकी २, म्हणजे क्षमतेच्या २५ टक्के हवा गळतीत जाते आहे. ही १० टक्क्यांच्या आत हवी. (व्हीएफडी, म्हणजे गरजेप्रमाणे वेग बदलणाऱ्या कॉम्प्रेसरला ही रीत लागू नाही.) मग साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक कपलिंग, होजची क्लिप, फिल्टरचा ड्रेन तपासा. ७ बार दाबाला ३ मिलिमीटरचं एक छिद्र निदान ३ किलोवॅट खातं. दोन पाळ्या, ३०० दिवस धरले तर १४,४०० युनिट झाले!

इथे एक चूक नेहमी होते. दाब एक बार कमी केला की सहा-सात टक्के वीज वाचते, हे ऐकून गळती न काढताच दाब उतरवतात. शेवटच्या मशिनला हवा कमी पडते, क्लॅम्प सैल धरतो, मशिनवरचा भाग (जॉब) हलतो. माल रिजेक्ट झाला की दाब पुन्हा वर जातो आणि त्या नॉबला मग कोणी हात लावत नाही. आधी गळती, मग दाब, तोही थोडा थोडा.

पुठ्ठ्याच्या खोक्यांऐवजी परतीचे क्रेट वापरायचे, तर संख्या दोघांनी मिळून काढावी. रोज ४० क्रेट लागत असतील, आणि भरणं, वाहतूक, कंपनीच्या स्टोअरमधला मुक्काम, परतणं, धुणं यांत ६ दिवस जात असतील, तर २४० क्रेट आणि वर दहा टक्के. हे बहुतेकदा फसतं ते रिकामे क्रेट स्टोअरमध्ये अडकल्यामुळे. वेंडर पुन्हा पुठ्ठ्याकडे वळतो आणि खर्च दुप्पट होतो. म्हणून मालासोबतच्या डिलिव्हरी चलनावर रिकाम्यांचीही नोंद हवी. घडीचे क्रेट घेतले तर परतीच्या गाडीत जागाही कमी लागते.

आता पैशाचं. वीज वाचल्याचं कळताच खरेदी विभागाने दर कमी करून मागितला, तर पुढच्या वेळी कोणताही वेंडर खरा मीटर दाखवणार नाही, आणि त्याचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही. पहिल्या वर्षाची बचत पूर्णपणे त्याच्याकडेच राहील, हे आधी लेखी द्या.

हे एकत्र शिकण्यासाठी वेंडरांचा गट करताना पाच-सहा जण पुरेत. फक्त एकच पार्ट बनवणारे दोघे एका गटात नकोत. ते एकमेकांसमोर आकडे उघड करत नाहीत. फाउंड्री, मशीनिंग, पेंटिंग, पॅकिंग असे वेगवेगळे घ्या, आणि पहिली गळती चाचणी कंपनीने स्वतःच्या कारखान्यात, वेंडरांना बोलावून करावी.