वायंगिणीची वाट

(गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

ग्रामसभेची नोटीस तुम्ही वाचली असेलच. घरपट्टीचा विषय पाचवा, दर्यावर जाणाऱ्या वाटेचा अकरावा. आता अकराव्यापर्यंत थांबतो कोण? रविवारची दुपार, घरी माशांचं हुमण आपली वाट बघतंय. सभा उठते, आणि ही वाट पुढच्या सभेवर जाते.

माझ्या मते हे दोन्ही विषय एकच आहेत. आपल्या गोव्यात किनाऱ्यावरच्या पंचायतींना मोठ्या हॉटेलांची घरपट्टी आणि परवाना शुल्क हवं असतं. कचरा उचलायचा, दिवे लावायचे, तर पैसे लागतात, त्यात गैर काही नाही. पण मग कुंपण हातभर पुढे सरकलं की पंचांना ते दिसेनासं होतं. ‘आम्ही एवढी घरपट्टी भरतो,’ असं सभेत ऐकवलं जातं. भरता, तर पावती घ्या. घरपट्टी घराची असते, वाळूची नव्हे.

दोना पावलाजवळच्या वायंगिणीचं प्रकरण तुमच्यापैकी थोरांना आठवत असेल. तिथल्या पंचतारांकित हॉटेलसाठी सरकारनेच जमीन संपादन करून दिली. १९८३ साली जो करार झाला, त्यात एक अट होती: किनाऱ्यावर जाणाऱ्या लोकांची वाट अडवायची नाही. पुढे हॉटेल वाढलं आणि सर्व्हे नंबर ८०३ मधल्या वाटेवर बांधकाम आलं. लोक कोर्टात गेले. २००० साली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो २० जानेवारी २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. सरकार हे किनाऱ्याचं मालक नाही, जनतेच्या वतीने विश्वस्त आहे, हे तत्त्व त्या निकालात आहे. वाटेवरचं बांधकाम पाडायचाही आदेश झाला.

पाडलं का? नाही. त्याच वर्षी राज्य सरकारने आधी वटहुकूम काढला, मग भूसंपादन कायद्यात दुरुस्ती केली, आणि बांधकाम वाचलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्तीही वैध ठरवली. तुम्ही हसताय, पण मला त्या १९८३ च्या अटीचं कौतुक वाटतं. ती कागदावर नसती, तर ‘आमचे आजोबा इथूनच जायचे’ एवढ्या बळावर लोकांना भांडावं लागलं असतं. आजोबांची साक्ष कोर्टात काढायची कुठून?

आपल्या गावची वाट दोन गडग्यांमधली, म्हणजे दगडी कुंपणांमधली. रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं, जाळं खांद्यावर घेऊन माणसं एकामागोमाग जातील एवढीच रुंद. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या तोंडाशी प्लॅस्टिकची खुर्ची आली, खुर्चीवर रखवालदार आला. तो बापडा अडवत नाही, फक्त विचारतो, ‘कुठे चाललात?’ चार वेळा विचारलं की बायका दुसरीकडून जायला लागतात. रापणकार अजून उत्तर न देता जातात, पण तेही आता किती उरलेत!

तेव्हा या रविवारी घरपट्टीच्या विषयावरच उठा. त्या मालमत्तेची घरपट्टी आकारताना वाट कुणाच्या हद्दीत धरली, हे सचिवांना विचारा. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, आणि सर्व्हेचा नकाशा सोबत न्या. उत्तर काहीही मिळो, तुमचा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा आणि सही होईपर्यंत टेबलाजवळून हलू नका. हुमण काय, गरम करता येतं.