फ्रीझरमधला गोळा

रविवार, सकाळचे नऊ. भांडुपला आमच्या वन रूम किचनमध्ये आई आठवड्याच्या पावाचं पीठ मळायला परात घेऊन बसलीय. 700 ग्रॅम मैदा, 300 ग्रॅम कणीक, 10 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि पाणी मात्र फ्रीजमधलं. मे महिन्यात आपल्याकडे नळालाच कोमट पाणी येतं, त्याने मळलं की यीस्ट लगेच कामाला लागतं, आणि कामाला लागलेलं यीस्ट गोठवताना जास्त मरतं, म्हणून फ्रीझरसाठीचं पीठ गार पाण्याने मळायचं, फुगू द्यायचं नाही, पंधरा मिनिटं झाकून ठेवलं की गोळे करायला घ्यायचे.

पण तिंबायला कंटाळायचं नाही. तेलाचा हात लावून आई ते इतकं तिंबते की चिमूटभर पीठ बोटांवर ताणलं तर पापुद्र्यासारखं पातळ होतं, खिडकीतला उजेड आरपार दिसतो तरी फाटत नाही. गोठताना पिठातल्या पाण्याचे स्फटिक होतात, ते ग्लूटेनची, म्हणजे पिठाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनांची, जाळी तोडतात, म्हणून ती मुळातच दणकट हवी.

खाली बेकरी आहे, सकाळी गरम लादी पाव मिळतो, मग हा खटाटोप कशाला, असं शेजारच्या काकू विचारतात. बाबांना कणीक घातलेला पाव लागतो, आणि आईला रोज सात पन्नासची लोकल असते, बस एवढंच.

तीसेक गोळे स्टीलच्या ताटात, सुटे सुटे ठेवून, फ्रीझरमध्ये. दोन-तीन तासांनी दगडासारखे लागले की झिपलॉकच्या पिशवीत भरून हवा दाबून काढायची, नाहीतर वरून सुकून पांढरे पडतात. पिशवीवर मार्करने तारीख. महिन्याच्या आत संपवायचे, कारण उणे 18 अंशांना यीस्ट झोपलेलं असलं तरी थोडं थोडं मरत असतं आणि मेलेल्या यीस्टमधून जे बाहेर येतं त्याने पीठ सैल पडतं.

12 ऑक्टोबर 2020 ला ग्रिड बिघडून मुंबईची लाईट गेली होती ना, लोकलसुद्धा जागच्या जागी थांबल्या, त्या दिवशी आमचे गोळे मऊ पडले. आईने अर्धे त्याच रात्री भाजले, मस्त झाले. उरलेले टाकायला जीवावर आलं म्हणून परत गोठवले, ते पुढच्या आठवड्यात फुगलेच नाहीत, चपटे आणि आत गच्च. खूप वाईट वाटलं होतं तिला. तेव्हापासून एकदा बर्फ सुटलेलं पीठ आमच्याकडे परत फ्रीझरमध्ये जात नाही.

आणि आता बुधवार रात्र. उद्याच्या पावासाठी मी गोळ्यांची पिशवी फ्रीझरमधून काढून ओट्यावर ठेवायला गेलो तर आई म्हणाली, "अरे तिथे नको, खालच्या फ्रीजमध्ये ठेव." आपल्या उकाड्यात गोळा बाहेरून फुगून आंबट व्हायला लागतो आणि पोटात अजून बर्फच असतो. फ्रीजमध्ये रात्रभर हळूहळू सुटला की आतबाहेर सारखा होतो. घाई करून मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात घालू नका, कडा शिजतात.

गुरुवारी ऑफिसातून आली की आई गोळे ट्रेमध्ये जवळजवळ मांडते, वर ओलं फडकं, आणि मग कुकर लावते. तास-दीड तासात ते फुगून एकमेकांना टेकतात. बोट हलकेच दाबून बघते, खड्डा सावकाश भरला म्हणजे तयार, पटकन उसळला तर अजून थांबायचं. ओटीजी, म्हणजे आमचा छोटा विजेचा ओव्हन, 200 अंशांवर, वीसेक मिनिटं. वर तूप फिरवलं की लादी सुटी करायचं काम बाबांचं, आणि पहिला पाव ते उभ्याउभ्याच खातात.