पाणी डाव्या हाताला ठेवा

मंडळी, ॲमस्टरडॅमला गेलेले आपल्यातले बरेच जण तिथे काचेच्या छताच्या बोटीत बसले असतील. तासाभरात चार कालवे, हेडफोनमध्ये पंधरा-वीस भाषांपैकी एक भाषा, आणि उतरल्यावर लक्षात काय राहतं, तर पुलांच्या खालच्या बाजू. मी बोटीच्या विरुद्ध नाही. पण ते शहर पाण्यावरून बघायला बांधलेलं नाही. ते काठावर राहायला, माल चढवायला-उतरवायला बांधलेलं आहे. म्हणून ते पायी बघावं आणि कानात एखादा शहाणा आवाज असावा, म्हणजे चालता चालता ऐकायचं ध्वनिमुद्रित निवेदन. असे आवाज फार कमी असतात, त्यांच्याबद्दलच आज बोलायचं आहे.

आधी शहराची ठेवण. जुन्या गावाभोवती सिंगल हा कालवा होता. 1613 मध्ये त्याच्या बाहेर तीन नवे कालवे खणायला सुरुवात झाली: हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त. एकाला एक समांतर, अर्धवर्तुळात वळत जाणारे. 2010 मध्ये युनेस्कोने या पट्ट्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. नकाशावर रचना फार सुबक दिसते, पण चालणाऱ्याचा ती पुरता गोंधळ उडवते. कालवा इतका हळूहळू वळतो की आपण वळतोय हे पायांना कळतच नाही. अर्ध्या तासाने आपण सरळ चालत आल्याची खात्री असते, आणि दिशा मात्र पार बदललेली असते.

निवेदन लिहिणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. ‘पुढच्या पुलावर उजवीकडे वळा’ हे वाक्य इथे निरुपयोगी आहे, कारण ऐकणारा कोणत्या काठावर उभा आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. जीपीएसच्या भरवशावर राहिलात तर अरुंद गल्लीत ते तुम्हाला पलीकडच्या काठावर नेऊन ठेवतं. जाणकार निवेदक म्हणतो, ‘पाणी डाव्या हाताला ठेवा आणि चालत राहा.’ दुसरी सोय घरांच्या क्रमांकांची. या तिन्ही कालव्यांवर क्रमांक ब्राउअर्सग्राख्त या कालव्याकडच्या टोकापासून चढत जातात. विषम क्रमांक गावाच्या मध्याकडच्या काठावर, सम बाहेरच्या. एवढं एकदा सांगितलं की माणूस चुकत नाही. आणखी एक सूचना प्रत्येक थांब्याआधी यायलाच हवी: बघायला थांबाल तेव्हा सायकलच्या पट्ट्यावर थांबू नका! त्या तांबड्या पट्ट्यावर उभं राहून वर बघणाऱ्या पाहुण्याबद्दल तिथल्या सायकलस्वाराला काडीची दया नसते.

वर बघायचं म्हणजे काय बघायचं? घरांचे माथे. काही पायऱ्यापायऱ्यांचे, काही मानेसारखे उंच, काही घंटेच्या आकाराचे. त्या माथ्यातून एक जाडजूड तुळई बाहेर आलेली असते आणि तिच्या टोकाला आकडा. घरं अरुंद, जिने शिडीसारखे उभे, आणि व्यापाऱ्याचा माल पोटमाळ्यावर. मग तो दोर-कप्पी लावून बाहेरूनच वर ओढायचा. आता मान थोडी तिरकी करून भिंतीकडे बघा: पुष्कळ घरं रस्त्याकडे झुकलेली आहेत. बाजूला कलंडलेली घरं पाया खचल्यामुळे कलंडलीत, कारण सगळं जुनं शहर चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभं आहे. पण पुढे झुकलेली घरं बहुतेक मुद्दाम तशी बांधलेली. वर चढणारं गाठोडं खिडक्यांवर आपटू नये म्हणून.

एवढं सांगितलं की निवेदकाने गप्प बसावं. आपले कीर्तनकार बरोबर जागा बघून थांबतात आणि टाळ-मृदंगाला वाव देतात, तसं. बहुतेक ध्वनिफिती इथेच मार खातात: माथा बघून होत नाही तोच वास्तुविशारदाचं नाव, सन, पुढच्या मालकाचं नाव सुरू. वेस्टरकेर्क चर्चपाशी तर मी म्हणेन, आवाज बंदच करा. त्या मनोऱ्यातल्या घंटा दर पाव तासाला वाजतात. शेजारीच प्रिन्सेनग्राख्त 263, जिथे ॲन फ्रँक ही ज्यू मुलगी नाझींपासून जुलै 1942 पासून 4 ऑगस्ट 1944 पर्यंत लपून राहिली. या घंटांचा आपल्याला आधार वाटतो, असं तिने डायरीत लिहिलंय. त्या प्रत्यक्ष ऐकू येत असताना कानात पियानो कशाला हवा?

गप्प राहणं आणि गाळणं यात मात्र फरक आहे. हेरेनग्राख्त 502 हे महापौरांचं निवासस्थान. ‘सतराव्या शतकातली देखणी वास्तू’ एवढंच सांगून पुढे गेलेली निवेदनं मी ऐकली आहेत. ते घर पाउलुस गोडिन याने बांधून घेतलं, आणि त्याचा पैसा गुलामांच्या व्यापारातलाही होता. आता तिथे तशी पाटी आहे. 1 जुलै 2021 रोजी महापौर फेम्के हाल्सेमा यांनी त्या व्यापारातल्या शहराच्या वाट्याबद्दल जाहीर माफी मागितली. दगडी जिन्याच्या देखणेपणाला यामुळे बाध येत नाही. फक्त तो कशाच्या जोरावर उभा राहिला, हे कळतं.

मराठी निवेदन हवं असं मला वाटतं ते याच कारणाने. इंग्रजीवरून उतरवलेलं नको. आउड होगस्ट्राट या रस्त्यावर डच ईस्ट इंडिया कंपनीची जुनी कचेरी आहे, आता तिथे विद्यापीठ आहे. अंगणात कुणीही जाऊ शकतं. इंग्रजी फीत तिथे जायफळ-लवंगांबद्दल बोलते, आणि ते बरोबरच आहे. पण मालवणी माणूस त्या अंगणात उभा असेल तर त्याला वेंगुर्ल्याचं सांगायला नको? याच कंपनीने 1637 मध्ये तिथे वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करणाऱ्या डच जहाजांना त्या बंदराचा आधार होता. त्या वखारीचे पडके अवशेष आजही वेंगुर्ल्यात आहेत.

कंपनीच्या त्या कचेरीपासून चार पावलांवर ग्रिमबुर्गवाल हा कालवा. सप्टेंबर 2020 मध्ये तिथला काठ भिंतीसकट पाण्यात कोसळला. अवजड ट्रकांसाठी हे काठ बांधलेले नव्हतेच, त्यामुळे शहरात जागोजागी डागडुजी चालू असते. तेव्हा जाण्यापूर्वी फीत कधीची आहे ते तपासा. जुनी असेल तर ती तुम्हाला हमखास एखाद्या बंद रस्त्यावर नेऊन उभी करेल. फीत घरूनच उतरवून घ्या, एकच कान झाका, आणि सकाळी आठच्या आत ब्राउअर्सग्राख्तवरून निघा. नंतर बोटी सुरू होतात.