कुर्लीला गळा नाही, पण आवाज आहे

नमस्कार मंडळी. आज गप्पा पाण्याखालच्या आवाजाच्या, आणि सुरुवात माझ्या मामाच्या होडीपासून करतो.

लहानपणी मी मामाबरोबर रात्री गोव्यातल्या शापोरा नदीत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरायला जायचो, तो जाळं सोडून गप्प बसून राहायचा आणि मी कंटाळून होडीच्या तळाच्या फळीवर आडवा व्हायचो. कान फळीला टेकला रे टेकला की खालून तड् तड् कट्, तड् तड् कट्, जणू कोणी तापल्या कढईत लाह्या फोडतंय. मी दचकून उठलो की मामा म्हणायचा, "न्हिद रे बाबू, उदक उलयता." पाणी बोलतंय, झोप. आणि मी ते खरं धरून झोपायचो.

बोलत होतं ते पाणी नव्हे, ती होती बोटभर लांबीची एक कोळंबी, इंग्रजीत तिला पिस्टल श्रिंप म्हणतात. तिचा एक डेंगा, म्हणजे नांगी हो, दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. तो ती उघडून ताणून धरते आणि खटकन मिटते. आता इतकी वर्षं सगळ्यांना वाटायचं की नांगीची दोन टोकं आपटतात त्याचाच हा आवाज, आपण चुटकी वाजवतो तसा. पण 2000 साली नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेरा लावून बघितलं तर गोष्ट वेगळीच निघाली. नांगी मिटताना पाण्याची चिळकांडी उडते, सेकंदाला साधारण 25 मीटर, म्हणजे तासाला 90 किलोमीटर, आणि त्या वेगामुळे दाब इतका उतरतो की पाण्यातच एक बुडबुडा तयार होतो. आवाज येतो तो बुडबुडा आत कोसळून फुटतो तेव्हा! त्यापाठोपाठ 2001 मध्ये कळलं की फुटताना आत प्रकाशाची अगदी क्षीण ठिणगी पण पडते आणि तेवढ्या क्षणापुरतं तिथलं तापमान 5000 केल्विनच्या वर जातं. सूर्याचा पृष्ठभाग 5800 च्या आसपास, आता बोला. जवळच्या बारक्या माशाला नि खेकड्याला त्या दणक्याने भोवळ येते आणि हिचं जेवण होतं. मोठी नांगी तुटली तर बारकी नांगी वाढून तिची जागा घेते, हे मला सगळ्यात भारी वाटतं.

एकटीचं हे असं, मग खडकात हजारोंनी असल्या तर काय होईल? दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुड्या ऐकायला समुद्रात माइक सोडले तेव्हा हीच तडतड इतकी यायची की ऐकणारे वैतागले, मग शास्त्रज्ञांना मुद्दाम शोध घ्यायला लागला की हे आहे तरी काय.

आता आपल्या ओळखीच्या शेवंडीकडे, म्हणजे लॉबस्टरकडे या. बाजारात शेवंड हातात घेतली की कधी कधी ती करकरते ना? तिच्या लांब मिशीच्या मुळाशी एक मऊसर भाग असतो, तो ती डोळ्याखालच्या गुळगुळीत पट्टीवरून ओढते. तो अडकतो, सुटतो, परत अडकतो, परत सुटतो. व्हायोलिनच्या तारेवर गज असाच चालतो, आणि गोव्यात व्हायोलिन कोणाला सांगायला नको. हे 2001 साली शीला पाटेक या संशोधिकेनं दाखवलं. मला त्यातली खरी गंमत पुढं दिसते. बाकी किडे-प्राणी कडक दातऱ्यावर दातरा घासून आवाज काढतात, तिथं कवच कडक असावंच लागतं, पण शेवंड नुकती कात टाकून मऊ पडलेली असते तेव्हा पण हिला ओरडता येतं. आपल्याकडे अमावास्येच्या कुर्ल्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ असं म्हणतात, ते बाजूला ठेवा, पण कात टाकलेली कुर्ली हातात घेतली असेल त्यांना माहीत आहे ती किती लिबलिबीत असते. तेव्हाच तर शत्रू टपलेला असतो, आणि तेव्हाच हिचा आवाज शाबूत असतो.

वाळूतल्या कुर्लीचं बघा. मोरजी-मांद्रेच्या किनाऱ्यावर रात्री बॅटरी मारली की डोळ्यांवर शिंगं असल्यासारखी दिसणारी जी सुसाट पळते, ती. तिच्या मोठ्या डेंग्याच्या आतल्या बाजूला बारीक दातऱ्यांची ओळ असते, ती स्वतःच्याच डेंग्याच्या मुळाशी घासून ती क्रर्र करते. एकदा मी बिळाच्या तोंडाशी पोटावर पडून ऐकत होतो, कान वाळूत, आणि आतून तो आवाज कानापेक्षा गालाच्या हाडाला आधी जाणवला. तिच्या अमेरिकेतल्या चुलत बहिणीबद्दल 2019 मध्ये कळलं की ती पोटातून पण गुरगुरते! पोटात अन्न दळायचे दात असतात, तेच एकमेकांवर घासते. डेंगे मारामारीसाठी मोकळे राहावेत म्हणून असेल, असं अभ्यासकांना वाटतं.

चोडणच्या खारफुटीच्या चिखलात एक डेंगा मोठा असलेले बारके खेकडे असतात, त्यांच्यातल्या काही जातींचे नर दिवसा डेंगा हलवून मादीला बोलावतात आणि अंधारात तोच डेंगा जमिनीवर ठोकतात.

आणि हे सगळे ऐकतात सुद्धा, आपल्यासारखे कान नसले तरी. 2013 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी किनाऱ्यावरच्या खेकड्यांना जहाजाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग ऐकवलं, तर ते ऑक्सिजन जास्त वापरायला लागले, म्हणजे धास्तावले. मांडवीत बार्ज, फेरी, मोठमोठ्या बोटी दिवसरात्र चालतात, त्यांच्या इंजिनाखाली आपल्या कुर्ल्यांचं काय होत असेल ते मनात येऊन मला खरंच वाईट वाटतं, आणि पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, लपायला जागाच नाही हो त्यांना.

कधी खडकाळ खाडीत होडीत बसलात तर इंजिन बंद करा, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडा आणि दांड्याचं टोक कानाला लावा. आधी काही नाही, मग पाण्याची सळसळ, मग कान सरावला की खालून ती तडतड, लाह्या फुटल्यासारखी.